विहिरीवरील विजेचा हिशेब

मोटेच्या काळात शेतकऱ्यास बैलाचा दम ओळखता येत असे. बैल किती वेळ ओढील, धावेवर त्याचा पाय केव्हा अडखळेल आणि जू केव्हा उतरवावे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नसे. बैल धापा टाकू लागला की काम थांबत असे. आज बहुतेक विहिरींवर बैलांची जागा विजेच्या मोटारीने घेतली आहे. मोटारही थकते, तीही वाजवीपेक्षा अधिक ओझ्याखाली येते; परंतु तिला धाप लागलेली दिसत नाही. ती मुकाट्याने तापत राहते आणि एके दिवशी जळते. मग पीक ऐन पाण्यावर आलेले असताना मोटार वर काढावी लागते, ती भरून आणण्यासाठी तालुक्याच्या गावी न्यावी लागते आणि चार-आठ दिवस रान कोरडे पडते. भरण्याचा खर्च होतो तो वेगळाच.

‘वीज खराब आली म्हणून मोटार जळाली’ असे अशा वेळी सर्रास म्हटले जाते. त्यात पुष्कळदा तथ्य असते. परंतु वीज किती खराब होती, दाब किती व्होल्ट होता, मोटार किती अँपिअर घेत होती, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. ज्या पेटीतून मोटार सुरू होते त्या पेटीवर कित्येक ठिकाणी दोन्ही मीटर बसविलेले असतात. पण त्यांच्या काचेवर धूळ असते आणि काट्याकडे कोणी पाहत नाही. दाब व प्रवाह या दोन आकड्यांवरून विरोध आणि शक्ती काढण्याचा हिशेब हे केवळ वायरमनचे काम आहे, ही समजूत शेतकऱ्यास महाग पडत आहे. ज्यास गुणाकार व भागाकार येतो त्यास हा हिशेब येतो. म्हणून तो गावोगाव शिकविला गेला पाहिजे.

हिशेबाची मूळ सूत्रे

विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये, विरोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मोजतात. उंचावरील टाकीतून नळीने पाणी येते तेव्हा टाकी जितकी उंच तितका दाब अधिक, आणि नळी जितकी अरुंद व लांब तितका अडथळा अधिक. विजेचेही तसेच आहे. दाबास प्रवाहाने भागले असता विरोध मिळतो आणि दाबास प्रवाहाने गुणले असता शक्ती मिळते. पहिला नियम जर्मनीतील गेओर्ग झिमोन ओहम या शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या स्वतःच्या देशात त्या ग्रंथाचे प्रथम फारसे स्वागत झाले नाही; १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कोप्ली पदक दिले आणि पुढे विरोधाच्या एककास त्याचेच नाव मिळाले.

पाणी तापविण्याची १,००० वॅटची शेगडी २४० व्होल्टवर चालते असे धरू. १,००० ला २४० ने भागले म्हणजे प्रवाह ४.१७ अँपिअर येतो आणि २४० ला ४.१७ ने भागले म्हणजे विरोध सुमारे ५७.६ ओहम येतो. आता दाब २०० व्होल्टवर उतरला. विरोध तोच असल्याने प्रवाह ३.४७ अँपिअर होतो आणि शक्ती ६९४ वॅट उरते. पाणी उशिरा तापते, पण शेगडीस अपाय होत नाही. दाब शेकडा १७ ने घटला आणि शक्ती मात्र शेकडा ३१ ने घटली, कारण दाबाबरोबर प्रवाहही घटला.

याच हिशेबाची आणखी एक बाजू शेतकऱ्याच्या विशेष कामाची आहे. तारेत वाया जाणारी उष्णता काढावयाची असेल तर प्रवाहास प्रवाहाने गुणावे आणि त्यास विरोधाने गुणावे. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. मोटार जळण्याची, जोड वितळण्याची आणि डीपी निकामी होण्याची बहुतेक कारणे या एका वाक्यात सामावलेली आहेत.

मोटार शेगडीप्रमाणे वागत नाही

येथे पुष्कळांची फसगत होते. दाब कमी झाला म्हणजे प्रवाहही कमी होईल, मोटार जरा सावकाश चालेल आणि इतकेच, असे त्यांना वाटते. शेगडीच्या बाबतीत ते खरे आहे. मोटारीच्या बाबतीत घडते ते नेमके याच्या उलट.

पाच अश्वशक्तीच्या मोटारीचे एक वेटोळे सुटे करून त्यास बॅटरीचे १२ व्होल्ट दिले आणि ४ अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या तारेचा विरोध ३ ओहम झाला. त्याच वेटोळ्यास ४१५ व्होल्ट दिले तर नुसत्या भागाकाराने १३८ अँपिअर आले पाहिजेत. प्रत्यक्षात फिरत्या मोटारीच्या वेटोळ्यातून ५ अँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो. याचे कारण असे की, लोखंडावर गुंडाळलेल्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज जात असता त्या वेटोळ्यात बाहेरच्या दाबास अडविणारा उलट दाब निर्माण होतो. मोटार नीट फिरत असेपर्यंत हा उलट दाब प्रवाहास आवरून धरतो. मोटार उभी असताना बटण दाबले की पहिल्या काही क्षणांत नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह जातो, आणि अडकलेली मोटार काही मिनिटांतच जळते, याचे मूळ येथेच आहे.

चालत्या मोटारीवर पंपाचे ओझे असते. ते ओझे दाब कमी झाला म्हणून तितक्या प्रमाणात कमी होत नाही. तेवढी शक्ती पुरविण्यासाठी, दाब घटला की मोटार अधिक प्रवाह ओढते. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार ४१५ व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर घेते. दाब ३४० वर आला आणि ओझे तेच राहिले, तर प्रवाह सुमारे पावणेदहा अँपिअर होतो. हा आकडा फार मोठा दिसत नाही. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने वेटोळ्यातील उष्णता जवळजवळ दीडपट होते. शिवाय मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाने घटतो, म्हणजे ३४० व्होल्टवर तो दोनतृतीयांशच उरतो आणि सुरू होतानाच मोटार अडखळते. वेटोळ्यावरील आवरणाचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस जादा तापमानास सुमारे निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून एखादी मोटार आज कमी दाबावर चालून गेली याचा अर्थ तिला काही झाले नाही असा होत नाही.

एक फेज गेली असता स्थिती याहून वाईट होते. चालू असलेली मोटार उरलेल्या दोन फेजांवर फिरत राहते, त्या दोन तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोनपट होतो आणि त्यांवरील वेटोळ्यांतील उष्णता तिपटीच्या घरात जाते. पेटीतील ओव्हरलोडची कळ मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरशी जुळवून लावलेली असेल तर मोटार वाचते. ‘सारखी बंद पडते’ म्हणून ती कळ वर सरकवून ठेवणे, हे बैलाच्या धापेकडे दुर्लक्ष करून त्यास चाबूक मारण्यासारखे आहे.

केबल विकत घेताना

दाब नेहमी बाहेरूनच कमी आलेला असतो असे नाही. कित्येकदा तो शेतकऱ्याच्या स्वतःच्या केबलमध्येच हरवतो. डीपी बांधावर आणि विहीर ३०० मीटर दूर, अशी स्थिती सर्वत्र आढळते. अशा ठिकाणी केबल घेताना भाव पाहिला जातो, जाडी पाहिली जात नाही.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा विरोध ०.०१७२ ओहम असतो. लांबीने गुणावे आणि जाडीने भागावे. अडीच चौरस मिलिमीटरच्या ३०० मीटर तारेचा विरोध सुमारे २.०६ ओहम येतो. त्यातून ८ अँपिअर गेले म्हणजे प्रत्येक तारेत साडेसोळा व्होल्ट खर्ची पडतात. तीन फेजांच्या पद्धतीत दोन फेजांमधील घट त्याच्या १.७३ पट, म्हणजे सुमारे २८ व्होल्ट होते. पेटीपाशी ३७० व्होल्ट असले तर मोटारीपाशी ३४२ च पोहोचतात. शिवाय तिन्ही तारांत मिळून सुमारे ४०० वॅट उष्णतेच्या रूपाने जमिनीत जातात. आठ तासांत ही नासाडी ३.२ युनिट होते.

हीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर विरोध ०.८६ ओहम, दोन फेजांमधील घट १२ व्होल्ट आणि नासाडी १६५ वॅट इतकीच राहते. जाड केबलचा जादा खर्च एकदाच होतो. बारीक केबलचा तोटा मोटार चालू असेपर्यंत दररोज होतो आणि मोटार जळाली की एकदमही होतो. केबल ॲल्युमिनियमची असेल तर तिचा विरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

जोडांकडे तर याहूनही कमी लक्ष दिले जाते. हाताने पिळून वर पट्टी गुंडाळलेल्या सैल जोडाचा विरोध अर्धा ओहम झाला, तर ८ अँपिअरवर तेथे ३२ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची विजेची सळई साधारण इतक्याच शक्तीची असते. असा जोड तापतो, काळवंडतो, त्याचा विरोध आणखी वाढतो आणि शेवटी एक फेज तुटते. मोटार जळाल्याचा दोष मग डीपीवर ढकलला जातो.

वीज मोफत असली तरी

या सर्व सांगण्यावर एक आक्षेप हमखास येतो. वीज मोफत मिळत असताना वॅट आणि युनिट कशासाठी मोजावयाचे? एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. त्याआधीही मीटर नसलेल्या पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत असल्याने प्रत्यक्ष किती वीज लागली, हे पाहण्याचे कारण शेतकऱ्यास फारसे पडत नव्हते. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु बिल माफ झाले म्हणून वेटोळ्यातील उष्णता माफ होत नाही. मोटार भरण्याचे पैसे शासन देत नाही. आणि वीज मोफत असली तरी वीज मिळण्याचे तास मोजकेच असतात.

तासांचा हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने एकदा करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी पेटीवरील दोन मीटर, २०० लिटरचे एक पिंप आणि घड्याळ एवढेच साहित्य पुरते. तीन फेजच्या मोटारीची शक्ती काढताना दाब व प्रवाह यांच्या गुणाकारास १.७३ ने आणि मोटारीच्या पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. दाब ४१५, प्रवाह ८ आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर शक्ती सुमारे ४,६०० वॅट येते. पाणी उचलण्यास लागणारी शक्ती काढणेही सोपे आहे: दर सेकंदास पडणारे लिटर, मीटरमधील एकूण चढ आणि ९.८ या तिहींचा गुणाकार करावा. नळीतील घर्षणासह चढ २५ मीटर आहे आणि पिंप २५ सेकंदांत भरते, असे धरू. म्हणजे सेकंदास ८ लिटर पाणी पडते आणि पाण्याच्या वाट्यास १,९६० वॅट येतात. शंभर वॅटांतील सुमारे ४३ वॅट पाण्यास लागले. हा पंप बरा म्हणावयाचा.

आता दुसऱ्या विहिरीवर मीटर तेच आकडे दाखवितात, चढही तितकाच आहे. परंतु पिंप भरावयास ४० सेकंद लागतात. तेथे सेकंदास ५ लिटरच पाणी पडते आणि शंभरांतील २७ वॅटच कामी येतात. पंख्याची पाती झिजली असतील, फूटव्हॉल्व्ह गळत असेल, नळी अरुंद असेल किंवा कोठेतरी हवा ओढली जात असेल. कारण शोधता येईल. पण दोष आहे हे आधी कळले पाहिजे. एका एकरास ५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २ लाख लिटर लागतात. पहिल्या विहिरीवर ते काम सात तासांत आटोपते. दुसरीवर अकरा तास लागतात. आठ तास मिळणाऱ्या विजेत पहिल्या शेतकऱ्याचा एकर एका पाळीत भिजतो. दुसऱ्याचे उरलेले रान दुसऱ्या दिवसावर जाते, आणि पाळी रात्रीची असेल तर त्यास पुन्हा एकदा काळोखात बांध तुडवावा लागतो. मोफत विजेतही हा फरक भरून निघत नाही.

एका डीपीवरील सोळा शेजारी

विहीर एकट्याची असली तरी डीपी सर्वांची असते. शंभर केव्हीएची डीपी ४३३ व्होल्टवर सुमारे १३३ अँपिअरपर्यंत भार सोसते. पाच अश्वशक्तीच्या सोळा मोटारी प्रत्येकी ८ अँपिअर घेतात तेव्हा एकूण १२८ अँपिअर होतात. म्हणजे डीपी काठोकाठ भरली. आता त्यांतील सहा शेतकऱ्यांनी कागदावर पाच अश्वशक्ती ठेवून विहिरीत साडेसातची मोटार सोडली. तिचा प्रवाह १२ अँपिअर धरला तर एकूण भार १५२ अँपिअर होतो. डीपीच्या वेटोळ्यांतील उष्णता नियोजित मर्यादेपेक्षा शेकडा ३० हून अधिक वाढते, सर्वांचाच दाब उतरतो आणि त्यामुळे सर्वांच्याच मोटारी आणखी प्रवाह ओढू लागतात. डीपी जळाली की सोळाही विहिरी बंद पडतात. दहा प्रामाणिकांच्या पिकांनाही ताण बसतो.

ऑटो स्विचने तर यात भर घातली आहे. रात्री उठावे लागू नये म्हणून तो बसविला जातो, आणि ती अडचण खरी आहे. परंतु वीज येताच सोळाही मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या, तर सुरुवातीच्या सहापट प्रवाहाने डीपीवर सुमारे ७७० अँपिअरचा हिसका बसतो. दाब कोसळतो, कोणतीच मोटार धड वेग घेत नाही, फ्यूज उडतात. शेजाऱ्यांनी आपापसात क्रम ठरवून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने मोटारी सुरू केल्या, किंवा ज्यांना ऑटो स्विच ठेवणे भाग आहे त्यांनी निरनिराळ्या वेळा लावलेला टायमर त्यास जोडून घेतला, तर हाच भार डीपी सहज पेलते.

कॅपॅसिटरची गोष्टही तशीच आहे. पाच अश्वशक्तीच्या मोटारीस २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला असता पॉवर फॅक्टर ०.८ वरून सुमारे ०.९५ वर जातो आणि डीपीकडून येणारा प्रवाह ८ वरून ६.७ अँपिअरवर उतरतो. सोळा विहिरींचा भार १२८ ऐवजी १०७ अँपिअर होतो. पाणी तितकेच पडते, परंतु दाब सुधारतो. एकट्याने कॅपॅसिटर लावला तर फायदा पुसटसा दिसतो आणि म्हणूनच तो लावण्याचे राहून जाते. सर्वांनी लावला तर फायदा मीटरच्या काट्यावर उघड दिसतो. येथे हिशेब हाच मन वळविण्याचा खरा उपाय आहे. नुसत्या उपदेशाने हे काम झालेले नाही.

जिवाचा हिशेब

मोटार व पीक यांच्या नुकसानीहून मोठी एक गोष्ट या हिशेबात आहे. मोटारीच्या किंवा पेटीच्या लोखंडी अंगास फेजची तार टेकली, तर अर्थिंगने ती वीज जमिनीत नेली पाहिजे आणि फ्यूज तत्काळ उडाला पाहिजे. अर्थिंगचा सर्व मार्ग मिळून विरोध ५ ओहम असेल तर २४० व्होल्टवर ४८ अँपिअर वाहतात आणि १० अँपिअरचा फ्यूज उडतो. परंतु खड्ड्यातील माती कोरडी पडून आणि तार गंजून हाच विरोध ५० ओहम झाला, तर प्रवाह ४.८ अँपिअरच होतो. फ्यूज शाबूत राहतो, पेटी बाहेरून नेहमीसारखी दिसते आणि तिच्या अंगात वीज वावरत राहते.

ओल्या अंगाच्या माणसाचा विरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २४० ला १,००० ने भागले म्हणजे ०.२४ अँपिअर होतात. जीव वाचविण्यासाठी बसविला जाणारा गळतीचा स्विच ०.०३ अँपिअरवरच वीज तोडतो, यावरून ०.२४ अँपिअर किती घातक आहे हे समजावे. पेटीस हात लावणारा बहुधा ओल्या मातीत, अनवाणी पायांनी उभा असतो. म्हणून अर्थिंगचा विरोध वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, वायरमनकडून मोजून घेणे आणि खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे यास पर्याय नाही. फ्यूजमध्ये जाड तार घालून तो ‘पक्का’ करणे म्हणजे दारातील राखणदारास बांधून ठेवणे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

हा हिशेब शिकविण्यास मोठ्या प्रशिक्षणवर्गाची आवश्यकता नाही. शिवारातील एका विहिरीवर दहा-बारा शेतकऱ्यांना जमवून व्होल्टमीटर व अँपिअरमीटर दाखवावेत. मोटार सुरू करताना काटा कोठवर उडी घेतो आणि मग कोठे स्थिर होतो, हे त्यांनी स्वतः पाहावे. पिंप भरून वेळ मोजावी. मोटारीच्या पाटीवरील अँपिअर आणि मीटरवरील अँपिअर यांची तुलना करावी. एका सकाळी एवढे झाले तर शेतकऱ्यास पुढे काही सांगावे लागणार नाही. कारण आकडा पाहून कामाचा अंदाज बांधणे त्यास नवे नाही. पाऊस, बियाणे, खत आणि बाजारभाव यांचा हिशेब तो नेहमीच करीत आला आहे.

या कामात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. शेतकऱ्याने बंद पेटीवर बसविलेले मीटर वाचावेत. पेटी उघडणे, वेटोळ्याचा विरोध काढणे, अर्थिंग मोजणे ही कामे परवानाधारक वायरमननेच वीज तोडून करावीत. वायरमनने तीन वेटोळी तपासून दोहोंत ४ आणि तिसऱ्यात ५ अँपिअर आढळले असे सांगितले, तर १२ व्होल्टच्या हिशेबाने दोन वेटोळी ३ ओहमची आणि तिसरे २.४ ओहमचे आहे, म्हणजे त्यातील काही वेढे आपसात चिकटले आहेत, हे शेतकऱ्यास समजले पाहिजे. मोटार भरून आणल्यावरही हीच तपासणी समोर करवून घेता येते.

प्रत्येक पेटीजवळ एक वही असावी आणि तीत तारीख, वेळ, तिन्ही फेजांमधील दाब व मोटारीचा प्रवाह यांची आठवड्यातून दोनदा तरी नोंद व्हावी. ‘दाब कमी येतो’ ही तक्रार हवेत विरून जाते. अमुक तारखेपासून बारा दिवस, सकाळी सहा वाजता, डीपीजवळच्या पेटीवर ३४० व्होल्ट होते, अशी सोळा शेतकऱ्यांच्या सहीची नोंद वीज वितरण कंपनीच्या कचेरीत ठेवली, तर तिला उत्तर द्यावे लागते. योग्य दाबाने वीज पुरविणे ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडली जात आहे किंवा नाही हे मोजण्याचे साधन शेतकऱ्याच्याच हाती असले पाहिजे. त्याच वहीवरून शिवारातील जादा भारही दिसून येईल. दोन्ही बाजूंची झडती घेणारी अशी वही शेतकऱ्यास अडचणीची वाटण्याचे कारण नाही. ज्याचा भार खरा आहे त्याचे त्यात हितच आहे.

सौर पंप आले तरी हा अभ्यास वाया जाणार नाही. तेथेही पाट्यांवरून येणारा दाब व प्रवाह यांचा गुणाकारच किती शक्ती मिळते हे सांगतो, आणि धूळ साचलेल्या पाट्यांमुळे झालेली घट प्रथम आकड्यातच दिसते.

गोठ्यातील बैलाने चारा टाकला तर घरातील लहान मुलाच्याही ते लक्षात येते. विहिरीवरील मीटरचा काटा नेहमीच्या जागेवरून दीड-दोन अँपिअर पुढे सरकला तर तेही तितक्याच सहजतेने घरातील कोणाच्याही लक्षात आले पाहिजे. काचेवरील धूळ पुसून आजचा आकडा वहीत लिहून ठेवणे, एवढ्यापासून त्याची सुरुवात करता येते.